पेशी किती आणि देह केवढा? शैवालांची उलटसुलट गणितं

उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी कॉलर्पा नावाचं एक हिरवं शैवाल वाढतं. वाळूवरून सरपटत जाणारं खोड, त्यातून खाली रुतलेले मुळांसारखे झुबके आणि वर उभी राहिलेली, कडा कातरलेली पानं. समोर दिसलं तर कोणीही त्याला झुडूपच म्हणेल. काही जातींची लांबी मीटरभराच्या पुढे जाते. हा सगळा पसारा एकाच पेशीचा आहे. खोडात, पानात, मुळात कुठेही आडवी भिंत नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग पेशीद्रव्य, आणि त्यात असंख्य केंद्रकं आणि हरितलवकं.

आता गोड्या पाण्यातला व्हॉल्व्हॉक्स घ्या. नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा हिरवा ठिपका, पण त्याच्या कार्टेरी या जातीत दोन हजारांच्या आसपास पेशी असतात. त्यातल्या काही फक्त पोहतात आणि काही फक्त पुढची पिढी घडवतात.

मोठा देह म्हणजे पुष्कळ पेशी, आणि पुष्कळ पेशी म्हणजे गुंतागुंतीची रचना, हे समीकरण झाडं आणि प्राणी पाहून आपल्या डोक्यात बसलेलं असतं. शैवालांपुढे ते टिकत नाही. देहाचं आकारमान, पेशींची संख्या आणि कामाची वाटणी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शैवालांमध्ये त्या जवळजवळ हव्या त्या जोडीने सापडतात.

असं का, हे कळायला आधी एक गैरसमज दूर करावा लागतो. शैवाल हे एक कुळ नाही. पाण्यात किंवा ओलाव्यात राहणारे, प्रकाशसंश्लेषण करणारे, पण खरी मुळं-पानं-फुलं नसलेले अनेक सजीव आपण सोयीसाठी एका नावाखाली ठेवले आहेत. एक अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी केंद्रक असलेल्या एका पेशीने सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारा एक जीवाणू, गिळला आणि तो न पचवता आत सांभाळला. त्याचंच पुढे हरितलवक झालं. हिरवी शैवालं, लाल शैवालं आणि जमिनीवरच्या सगळ्या वनस्पती या घटनेचे वारस आहेत, आणि त्यांच्या हरितलवकाभोवती दोन पटलं, म्हणजे पातळ आवरणं, असतात. पण गिळण्याचा हा प्रकार तिथेच थांबला नाही. वेगळ्याच वंशांतल्या पेशींनी अख्खी लाल किंवा हिरवी शैवालं गिळली. डायटम (काचेसारख्या भिंतीची एकपेशीय शैवालं) आणि तपकिरी शैवालांच्या हरितलवकाभोवती म्हणूनच चार पटलं आढळतात. मूळ माल लाल शैवालाचा आहे. युग्लीना या एकपेशीय जीवाने हिरवं शैवाल घेतलं, त्याच्याकडे तीन पटलं आहेत. क्रिप्टोमोनाड नावाच्या गटात तर गिळलेल्या शैवालाच्या केंद्रकाचा आक्रसलेला अवशेष आजही पटलांच्या मधल्या जागेत टिकून आहे.

समुद्रकाठच्या एकाच खडकावर उल्वा हे हिरवं शैवाल आणि त्याच्या शेजारी तपकिरी शैवाल चिकटलेलं असतं. दोघांपैकी उल्वाचं जवळचं नातं त्या तपकिरी शेजाऱ्याशी नसून जमिनीवरच्या गवताशी आहे. त्यामुळे शैवालांतलं वैविध्य एका घराण्यात वाढत गेलेलं नाही. देह कसा बांधायचा, या प्रश्नाची वेगवेगळ्या वंशांनी स्वतंत्रपणे काढलेली ही उत्तरं आहेत.

सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जुन्या भाषेत निळं-हिरवं शैवाल, यांना आज जीवाणूंमध्ये धरतात, कारण त्यांच्यात केंद्रक नाही आणि हरितलवकही नाही. प्रकाशसंश्लेषणाची पटलं थेट पेशीद्रव्यात पसरलेली असतात. तरी त्यांना साधं म्हणून हातावेगळं करता येत नाही. ॲनाबीना हे मण्यांसारख्या पेशींच्या माळेचं शैवाल. नायट्रोजनयुक्त क्षार कमी पडले की माळेतल्या दर दहा-वीस पेशींमागे एक पेशी बदलते. तिची भिंत जाड होते आणि ऑक्सिजन तयार करणारी यंत्रणा बंद पडते, कारण हवेतला नायट्रोजन पकडणारं विकर (एन्झाइम) ऑक्सिजनने निकामी होतं. ही पेशी शेजारणींना नायट्रोजन पुरवते आणि त्यांच्याकडून साखर घेते. तिचं पुन्हा विभाजन होत नाही. केंद्रकाचा पत्ता नसताना कामाची वाटणी आणि त्यागसुद्धा!

केंद्रक असलेल्या एकपेशीय शैवालांत सगळ्यात लहान आहे ऑस्ट्रिओकॉकस. १९९४ मध्ये फ्रान्समधल्या थो या खाऱ्या सरोवरात तो सापडला. एक मायक्रोमीटरपेक्षाही लहान, म्हणजे अनेक जीवाणूंपेक्षा छोटा. आत एक केंद्रक, एक हरितलवक, एक तंतुकणिका, एक गॉल्गी संकुल. यातलं काही काढून टाकायला जागाच उरलेली नाही.

शिकायला सोयीचा मात्र क्लॅमिडोमोनास. सुमारे १० मायक्रोमीटरची ही पेशी प्रयोगशाळांची लाडकी आहे. पेल्याच्या आकाराचं एकच मोठं हरितलवक, त्यात कार्बन डायऑक्साइड पकडणारं विकर एकवटलेला पायरिनॉइड हा भाग, त्याभोवती स्टार्चचं कवच. हरितलवकाच्या कडेला नारिंगी नेत्रबिंदू, ज्याच्या मदतीने उजेडाची दिशा कळते. पुढच्या टोकाला दोन सारख्या कशाभिका, म्हणजे पोहण्यासाठीचे चाबकासारखे धागे. गोड्या पाण्यात राहिल्यामुळे पाणी सतत आत शिरतं, ते उपसून बाहेर टाकणाऱ्या आकुंचनशील रिक्तिकाही (द्रवाच्या पिशव्या) आहेत. विभाजनाची वेळ आली की ही पेशी कशाभिका आत विरघळवून घेते, म्हणजे पोहणं थांबतं. ही बारीकशी गोष्ट लक्षात ठेवा, व्हॉल्व्हॉक्सपाशी ती परत लागेल.

एकपेशीय शैवालांचं खरं वैभव त्यांच्या भिंतींत आहे. युग्लीनाला भिंतच नाही. पटलाखाली प्रथिनांच्या लवचिक पट्ट्या असतात, त्यामुळे तो अंग आवळत-पसरत सरकू शकतो. डायनोफ्लॅजेलेट गटातल्या अनेकांच्या अंगावर सेल्युलोजची चिलखती तबकं असतात. एक कशाभिका कंबरेभोवतीच्या खाचेत आडवी फिरते आणि दुसरी मागे लोंबते, त्यामुळे ते गिरक्या घेत पुढे जातात. त्यांची गुणसूत्रं तर कायमच घट्ट आवळलेली राहतात. आपल्या पेशींत तसं फक्त विभाजनाच्या वेळी होतं. कोकोलिथोफोर अंगभर कॅल्शियम कार्बोनेटच्या चकत्या चढवतात, आणि त्यांच्या चकत्या कोट्यवधी वर्षं तळाशी साचून खडूचे डोंगर झाले आहेत.

डायटमची भिंत सिलिकाची, म्हणजे काचेच्या जातीची, आणि ती दोन भागांची असते. डबा आणि त्यावर घट्ट बसणारं झाकण. विभाजन झालं की प्रत्येक लेक-पेशी आईकडून एक भाग घेते आणि त्याच्या आत बसेल असा दुसरा भाग स्वतः बनवते. परिणाम उघड आहे. जिला झाकण मिळालं ती आईएवढीच राहते, जिला डबा मिळाला ती थोडी लहान होते. पिढ्यानपिढ्या सरासरी आकार घटत जातो. ठरावीक मर्यादेखाली गेल्यावर बहुतेक जातींत लैंगिक पुनरुत्पादन होतं, फलित पेशी काचेचं कवच टाकून फुगते आणि पूर्ण मापाचा नवा डायटम तयार होतो. ताठ भिंतीची किंमत अशी मोजावी लागते.

आता अनेक पेशींकडे. क्लॅमिडोमोनास दर वेळी दोनच तुकडे करत नाही. तो आधी चांगला फुगतो आणि मग आईच्या भिंतीच्या आतच पटापट दोन-तीन वेळा विभागतो. एकदम चार किंवा आठ पेशी बाहेर पडतात. समजा, विभाजनानंतर या पेशी वेगळ्या झाल्याच नाहीत, तर? गोनियममध्ये नेमकं तेच दिसतं. आठ किंवा सोळा पेशींची चपटी ताटली. पँडोरिनात बहुधा सोळा पेशींचा गच्च गोळा, युडोरिनात बहुधा बत्तीस पेशींचा जरा ऐसपैस. आकडे दुपटीच्या क्रमाने का येतात, याचं कोडं इथेच सुटतं. या वसाहतीत पेशींची संख्या जन्मतःच ठरते. नंतर पेशी मोठ्या होतात, त्यांची संख्या वाढत नाही. अशा ठरलेल्या संख्येच्या वसाहतीला सीनोबियम म्हणतात. टेट्रास्पोरासारख्या शैवालांत पेशी नुसत्याच चिकट द्रवात रुतून बसतात. तिथे संख्या ठरलेली नाही आणि शिस्तही बेताचीच.

व्हॉल्व्हॉक्समध्ये या घराण्याचा कळस दिसतो. सूक्ष्मदर्शकातून सूक्ष्मजीव पाहणाऱ्या लेव्हनहूकने १७०० साली तो पाहिला आणि त्याचं वर्णन लिहून ठेवलं. कार्टेरी जातीच्या भ्रूणात पाच विभाजनांनंतर बत्तीस पेशी होतात. सहाव्या विभाजनात त्यातल्या सोळा पेशी असमान विभागतात, एक मोठी आणि एक छोटी. मोठ्या सोळा पेशी पुढे प्रजननाच्या, बाकी सगळ्या पोहणाऱ्या. आधी लक्षात ठेवायला सांगितलेली अडचण इथे सुटते. पोहता-पोहता विभागता येत नाही, आणि विभाजन चालू असताना बुडूनही चालत नाही. म्हणून काहींनी फक्त पोहायचं, काहींनी फक्त विभागायचं. पोहणाऱ्या पेशी पुन्हा कधीच विभागत नाहीत. पिल्लं बाहेर पडली की त्या मरतात. भ्रूणाची आणखी एक गंमत म्हणजे तयार होताना तो उलटा असतो, कशाभिकांची टोकं आतल्या बाजूला. मग त्याला एक भोक पडतं आणि तो आतून बाहेर पलटतो.

एवढ्या उलाढालीसाठी जनुकांचा नवा खजिना लागला असेल, असं वाटणं साहजिक आहे. २०१० मध्ये व्हॉल्व्हॉक्सचा जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा तो क्लॅमिडोमोनासच्या संचाशी कमालीचा मिळताजुळता निघाला. दोघांकडेही सुमारे साडेचौदा हजार जनुकं. बरीचशी सामग्री जुनीच, वापर नवा.

पेशी एकाच दिशेने विभागत राहिल्या आणि वेगळ्या झाल्या नाहीत की तंतू तयार होतो. पाण्यात हाताला रेशमासारखा लागणारा हिरवा गुंता बहुतेक वेळा स्पायरोगायराचा असतो. त्याच्या प्रत्येक पेशीत हरितलवकाची फीत मळसूत्रासारखी गुंडाळलेली, आणि मधोमध पेशीद्रव्याच्या दोऱ्यांनी टांगलेलं केंद्रक. सूक्ष्मदर्शकाखाली याहून देखणं दृश्य मला तरी माहीत नाही. एखादी पेशी बाजूला विभागली की फांदी फुटते. काही शैवालांत तंतूंचे दोन प्रकार होतात, जमिनीला चिकटून पसरणारे आणि उभे वाढणारे. फ्रिट्शिएला हे त्याचं नामांकित उदाहरण. ओलसर मातीवर वाढणारं हे शैवाल भारतीय शैवालतज्ज्ञ एम. ओ. पी. अय्यंगार यांनी १९३२ मध्ये वर्णन केलं आणि एफ. ई. फ्रिट्श या शैवालतज्ज्ञाचं नाव त्याला दिलं. जमिनीखाली भाग, जमिनीवर भाग, अशी त्याची ठेवण पाहून जमिनीवरच्या वनस्पती अशाच कुणापासून निघाल्या असाव्यात, असं अनेकांना वाटत होतं. डीएनएच्या अभ्यासाने ती कल्पना मोडीत काढली. वनस्पतींचं सगळ्यात जवळचं नातं निघालं ते स्पायरोगायराच्या गटाशी, ज्यात बहुतेक सगळे साधे तंतू नाहीतर एकटे जीव आहेत. पाठ्यपुस्तकातला एकपेशी, वसाहत, तंतू, पान असा क्रम पाठांतराला बरा. त्याला उत्क्रांतीचा जिना समजलं की फसगत होते.

तंतूतल्या पेशीत केंद्रक एकच असेल, असंही गृहीत धरू नये. क्लॅडोफोराच्या प्रत्येक पेशीत अनेक केंद्रकं असतात, कारण केंद्रकाचं विभाजन आणि भिंत घालणं या दोन क्रिया तिथे एकमेकींशी बांधलेल्या नाहीत. हीच सैल पडलेली गाठ पूर्ण सोडली की आपण परत कॉलर्पापाशी येतो. केंद्रकं विभागत राहायची, भिंत घालायचीच नाही.

एवढी मोठी पेशी चालते कशी? पेशी लहान असण्याचं नेहमीचं कारण असं की अन्न, वायू आणि टाकाऊ पदार्थ हे विसरणाने, म्हणजे आपोआप पसरत, फार दूर जाऊ शकत नाहीत. कॉलर्पाने हा नियम मोडलेला नाही, त्याला बगल दिली आहे. पेशीचा मधला बहुतेक भाग रिक्तिकेने व्यापलेला असतो. जिवंत पेशीद्रव्याचा थर भिंतीला लागून पातळसा पसरतो, म्हणजे पाण्यापासून तो कधीच लांब नसतो. त्यातून पदार्थांची वाहतूकही चालू असते. असा प्रवाह उत्तम दिसतो तो कारा या गोड्या पाण्यातल्या शैवालात. त्याच्या पेरांमधली एकेक पेशी कित्येक सेंटीमीटर लांब असते आणि आतलं पेशीद्रव्य सेकंदाला ५० ते १०० मायक्रोमीटर वेगाने गोल फिरत राहतं. देह उभा राहतो आतल्या पाण्याच्या दाबाने. कॉलर्पात शिवाय भिंतीपासून भिंतीपर्यंत गेलेल्या आधाराच्या काड्या असतात.

धोका उघडच आहे. कुठेही कापलं तरी सगळी पेशी वाहून जायची. कॉलर्पा टॅक्सिफोलियात जखमेपाशी काही मिनिटांतच द्रव घट्ट होऊन बूच बसतं, आणि तुटलेला तुकडासुद्धा नवं शैवाल बनून वाढू लागतो. १९८४ मध्ये मोनॅकोजवळ भूमध्य समुद्रात या जातीचा छोटासा पट्टा दिसला, आणि पुढच्या काळात ती मोठ्या किनारपट्टीवर पसरली. नांगरांना आणि जाळ्यांना अडकून जाणारे तुकडे हे त्यामागचं एक मोठं कारण.

अॅसिटॅब्युलेरियाची तऱ्हा आणखी वेगळी. काही सेंटीमीटर उंच दांडी, वर छत्री, खाली मूलाभ (मुळासारखा भाग), आणि या सगळ्या पेशीला दीर्घकाळ केंद्रक एकच, तेही अगदी तळाशी मूलाभात. छत्रीचा आकार जातीप्रमाणे बदलतो. योआखिम हेमरलिंग यांनी १९३० च्या दशकात एका जातीची दांडी दुसऱ्या जातीच्या केंद्रकयुक्त तळावर बसवली. नवी छत्री आली ती शेवटी केंद्रकाच्या जातीची. केंद्रक काढून टाकलेली दांडीसुद्धा एखादी छत्री बनवू शकते, असंही दिसलं, म्हणजे केंद्रकातून निघालेला निरोप आधीच वर जाऊन साठलेला असतो. डीएनएची रचना उलगडण्याच्या कितीतरी आधीचं हे काम आहे, आणि प्रयोगाला हाताने कापता येईल एवढी मोठी पेशी मिळाली म्हणूनच ते होऊ शकलं.

भिंती घालणारी शैवालं दोन दिशांनी विभागली की पत्रा बनतो, तिसऱ्या दिशेने एकदा विभागली की त्याला दुसरा थर येतो. उल्वाचं पान असं दोनच पेशी जाडीचं असतं. पण हे पान उल्वा एकट्याच्या बळावर बनवत नाही. जीवाणू पूर्ण काढून टाकलेल्या पाण्यात वाढवलं तर त्याचा घाट बिघडतो आणि पेशींचा सैल गोळा उरतो. पत्र्यासारख्या हिरव्या शैवालांना आकार द्यायला जीवाणूंकडून येणारं थॅल्युसिन हे रसायन २००५ मध्ये ओळखलं गेलं.

लाल शैवालांची पद्धत वेगळी. बाहेरून गुबगुबीत किंवा पानासारखा दिसणारा त्यांचा देह बहुतेकदा एकमेकांना घट्ट चिकटलेल्या तंतूंचा असतो. शेजारच्या पेशींमधल्या भिंतीत भोक राहतं आणि त्यावर प्रथिनांचं बूच बसतं, ही त्यांची खास ओळख. जीवनचक्राच्या कुठल्याच टप्प्यावर त्यांना कशाभिका नसतात. निळा-हिरवा उजेड टिपणाऱ्या लाल रंगद्रव्याच्या जोरावर ते खोल पाण्यात तगतात. १९८४ मध्ये बहामाजवळ २६८ मीटर खोलीवर खडकाला लेपासारखं चिकटलेलं लाल शैवाल सापडलं.

खऱ्या अर्थाने ऊतींचा देह तपकिरी शैवालांतल्या केल्प या मोठ्या समुद्री शैवालांचा. धरून ठेवणारा पाया, दांडा, पातं, काहींना तरंगण्यासाठी हवेच्या पिशव्या. मॅक्रोसिस्टिस ४५ मीटरपर्यंत वाढतो आणि चांगल्या दिवसांत दिवसाला अर्धा मीटर लांबतो. खालच्या अंधारातल्या भागाला अन्न पोचवायला चाळणीसारख्या आडभिंतींच्या लांब पेशी असतात, झाडांच्या अन्नवाहिन्यांशी मिळत्याजुळत्या, पण पूर्णपणे स्वतंत्रपणे घडलेल्या. पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या मात्र नाहीत. पाण्यातच उभं असल्यावर त्या कशाला लागतात?

आणि याच केल्पची एक पिढी सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसतसुद्धा नाही. त्याच्या बीजाणूंपासून नवा केल्प थेट उगवत नाही. आधी बारीक तंतूसारखे नर-मादी देह तयार होतात, आणि त्यांच्या मीलनातून महाकाय देह वाढतो. जाती एक, देह दोन. पॉर्फिरा या लाल शैवालाबाबत तर शास्त्रज्ञच चकले होते. शिंपल्यांच्या कवचात वाढणाऱ्या गुलाबी तंतूंना काँकोसेलिस असं स्वतंत्र शैवालाचं नाव दिलेलं होतं. कॅथलीन ड्रू-बेकर यांनी १९४९ मध्ये दाखवलं की ते पॉर्फिराचंच दुसरं रूप आहे. जपानमध्ये या शैवालाची शेती तोवर नशिबाच्या भरवशावर चालायची, कारण बी कुठून येतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. शिंपल्यांत बी तयार करण्याची पद्धत या शोधावरच उभी राहिली.

आकारावरून जात ठरवण्याची अडचण छोट्या शैवालांत आणखी वाढते. साध्या हिरव्या गोल पेशी दिसल्या की पूर्वी क्लोरेला म्हणून नोंद व्हायची, आणि त्या नावाखाली शंभराहून अधिक जाती गोळा झाल्या होत्या. डीएनए तपासल्यावर त्यातल्या बऱ्याच भलत्याच गटांत गेल्या. गोल होणं सोपं आहे, म्हणून अनेकजण स्वतंत्रपणे गोल झाले.

तरीही सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब पाहताना बरंच काही ओळखता येतं. आधी रंग पाहा. तो पेशीभर सारखा पसरलेला आणि निळसर हिरवा असेल तर बहुधा सायनोबॅक्टेरिया, वेगळ्या तुकड्यांत बांधलेला असेल तर हरितलवक आणि म्हणून केंद्रक असलेली पेशी. सोनेरी-तपकिरी रंग आणि नक्षीदार ताठ कवच म्हणजे डायटम. मग आडव्या भिंती शोधा. लांब हिरव्या नळीत त्या सापडल्याच नाहीत तर व्हॉशेरियासारखं सलग नळीचं शैवाल असण्याची शक्यता मोठी. शेवटी आयोडीनचा एक थेंब टाका. हिरव्या शैवालांचा स्टार्च निळा-काळा होतो, लाल शैवालांचा तांबूस-तपकिरी. युग्लीना, डायटम आणि व्हॉशेरिया अन्न दुसऱ्या रूपात साठवतात, त्यामुळे त्यांच्यात निळा-काळा रंग येत नाही.